ग्वाल्हेरचे माधवराव : शिकारीचे नियम आणि नियमांबाहेरची माणसे

मध्य प्रदेशातील शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाला मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातील हा ५८ वा व्याघ्र प्रकल्प होय. हे रान ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे हे आपल्या काळातील हिंदुस्थानातल्या अग्रगण्य व्याघ्रशिकाऱ्यांपैकी एक होते. त्यांच्या बंदुकीने टिपलेल्या वाघांचे आकडे निरनिराळ्या लेखनांत निरनिराळे आढळतात. तथापि ते शेकड्यांत मोजावे लागतात याविषयी दुमत नाही. वाघांच्या शिकाऱ्याचे नाव वाघांच्या अभयारण्याला मिळावे, ही विसंगती वरवर पाहता चमत्कारिक वाटते. माधवरावांचे चरित्र पाहिले म्हणजे तिचा उलगडा बराचसा होतो. वाघ कोणी मारावा, केव्हा मारावा, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर मारावा, याची काटेकोर व्यवस्था या राजाने लावली होती. त्या व्यवस्थेत न्याय किती होता आणि कोणासाठी होता, हा प्रश्न त्यांच्या निधनाला शंभर वर्षे होऊन गेल्यावरही संपलेला नाही.

ज्यांचे निधन २००१ मध्ये झाले ते काँग्रेसचे नेते माधवराव शिंदे हे या माधवरावांचे नातू. आजोबांच्या नावावरूनच नातवाचे नाव ठेवण्यात आले होते. आजोबा माधवराव यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. वडील जयाजीराव शिंदे १८८६ च्या जून महिन्यात निवर्तले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंद्यांचे हे घराणे राणोजींच्या काळात माळव्यात स्थिरावले आणि महादजींच्या काळात दिल्लीच्या राजकारणाचे सूत्रधार बनले. माधवरावांच्या वाट्याला मात्र इंग्रजी अंमलाखालचे मांडलिक राज्य आले. तरीही ते राज्य लहान नव्हते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या गोव्याच्या सुमारे अठरापट होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती. एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेल्या मोजक्या संस्थानांत ग्वाल्हेरची गणना होत असे.

राजाच्या अज्ञानपणी कारभार एका मंडळाकडे होता. १८९४ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, माधवरावांना संपूर्ण अधिकार मिळाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांनी स्वतःची जी ख्याती मिळवली ती अखंड उद्योगाची. महसूल, पाटबंधारे, शाळा, टपाल, सैन्य अशा प्रत्येक खात्याच्या कारभारात ते जातीने लक्ष घालीत. खात्यांच्या कामकाजाविषयी त्यांनी काढलेल्या हुकुमांचे व धोरणांचे खंडच्या खंड छापले गेले. यंत्रांची त्यांना विलक्षण आवड होती. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेरची छोटी रेल्वे त्यांच्या कारकिर्दीत शिवपुरी, भिंड व श्योपूरपर्यंत पोहोचली. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर मद्याच्या सुरया आणि सिगार पाहुण्यांपुढे नेणारी चांदीची आगगाडी आजही प्रवाशांना दाखवली जाते. १९०० मध्ये चीनमधील बंडाच्या वेळी त्यांनी इस्पितळाचे जहाज सज्ज करून दिले आणि स्वतःही त्या मोहिमेवर गेले. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी भांडवल उभे राहत असताना त्यांनी चार लाख पौंडांचे कर्जरोखे घेतले. राजाने धन तिजोरीत पुरून न ठेवता उद्योगात घालावे, असे मानणारे संस्थानिक त्या काळी थोडेच होते.

गोव्याच्या वाचकांना या घराण्याशी असलेला एक जुना धागा ठाऊक असेल. माधवरावांच्या द्वितीय पत्नी गजराराजे या गोव्यातील राणे घराण्यातील. पुढे गादीवर आलेले जिवाजीराव हे त्यांचे पुत्र. १९१६ मध्ये जन्मलेल्या या युवराजाला जॉर्ज आणि त्याच्या थोरल्या बहिणीला मेरी अशी नावेही देण्यात आली होती, ती इंग्लंडच्या राजाराणीवरून. राजनिष्ठेचे असे जाहीर प्रदर्शन आज खटकते. पण संस्थानिकाचे स्थान इंग्रजांच्या मर्जीवर अवलंबून असण्याचा तो काळ होता, आणि ती मर्जी राखण्याची जी साधने होती, त्यांत शिकार हे एक महत्त्वाचे साधन होते.

शिवपुरीचे रान

ग्वाल्हेरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या सिप्री या ठिकाणाला शिवपुरी हे नाव माधवरावांच्याच काळात रूढ झाले. उंचावरील थंड हवेमुळे त्यांनी ते उन्हाळी राजधानीचे ठिकाण केले. धावडा, सालई, खैर, तेंदू यांचे ते कोरडे रान वाघांना मानवणारे होते. पाणवठे थोडे असल्याने उन्हाळ्यात जनावर कोठे येणार हे जाणकाराला अचूक सांगता येई. रानाच्या कडेला १९१८ च्या सुमारास बांधलेल्या तलावाला त्यांनी मातुःश्री सख्याराजे यांच्या नावावरून सख्यासागर हे नाव दिले. याच रानातील उंच टेकाडावर जॉर्ज कॅसल नावाची देखणी वास्तू उभी राहिली. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी आलेल्या पंचम जॉर्ज बादशहाचा मुक्काम तेथे व्हावा, अशी योजना होती. बादशहा दरबारानंतर शिकारीसाठी नेपाळच्या तराईत गेला आणि शिवपुरीची वास्तू त्याच्या पायधुळीवाचून राहिली. एका रात्रीच्या संभाव्य पाहुणचारासाठी रानात महाल बांधावा, यावरून त्या काळच्या शिकारीला राजकारणात किती वजन होते ते कळते.

माधवरावांच्या हयातीत ग्वाल्हेरला शिकारीसाठी आलेल्यांची यादी म्हणजे साम्राज्याच्या उतरंडीचाच आलेख. लॉर्ड कर्झन, लॉर्ड हार्डिंग, लॉर्ड रीडिंग हे व्हाइसरॉय या रानात येऊन गेले. पुढे पंचम जॉर्ज झालेला युवराज १९०५ च्या डिसेंबरात आला. त्याचा पुत्र, आठवा एडवर्ड म्हणून पुढे अल्पकाळ गादीवर बसलेला युवराज, १९२२ च्या फेब्रुवारीत आला. वाघाच्या शिकारीचा खरा हंगाम मार्च ते जून हा. त्या वेळी पाने झडलेली असतात, ओढे आटलेले असतात आणि वाघ उरलेल्या पाण्याच्या आसपास राहतो. हिवाळ्यात रान दाट, पाणी मुबलक आणि वाघाचा ठाव लागणे कठीण. तरीही राजपुत्रांचे दौरे हिवाळ्यातच होत, कारण इंग्रज पाहुण्याला उन्हाळा सोसत नसे. हंगाम अशा वेळी पाहुण्याच्या पंचांगाप्रमाणे ठरे आणि रानाची अडचण दूर करण्याचे काम शिकारखान्याच्या माणसांवर पडे.

हे काम सोपे नसे. ठिकठिकाणी आमिष म्हणून रेडकू बांधावे लागे. कोणत्या रेडकावर वाघ आला याची खबर पहाटेच मुख्य ठाण्यावर पोहोचवावी लागे. मग वाघ दुपारच्या उन्हात ज्या नाल्यात विसावला असेल त्याला तिन्ही बाजूंनी घेरायचे आणि चौथ्या बाजूला मचाण किंवा दगडी बुरूज राखायचा. झाडांवर माणसे बसवून वाघाला आडवाटेने निसटू द्यायचे नाही. ढोल, कनस्तर आणि आरोळ्यांच्या गजरात हाकेकऱ्यांची रांग पुढे सरकली की वाघ नेमका बंदुकीसमोर यावा, ही सारी आखणी. माधवराव तिचे निष्णात जाणकार होते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अ गाइड टू टायगर शूटिंग’ या इंग्रजी ग्रंथात शौर्याच्या आत्मकथेपेक्षा व्यवस्थेचे मार्गदर्शन अधिक आहे. संस्थानाचे खाते ज्या शिस्तीने चालवायचे, त्याच शिस्तीने शिकारही चालवायची, हा त्यांचा स्वभाव त्यातून दिसतो.

पहिली गोळी कोणाची

शिकारीतील न्यायाच्या काही रूढी त्या काळच्या शिकाऱ्यांत सर्वमान्य होत्या. ज्याची गोळी जनावराला प्रथम लागेल त्याचे ते जनावर, मग प्राण कोणाच्याही गोळीने जावो. जखमी जनावर रानात सोडून परतणे हा मोठा दोष. गोरे अधिकारी आपापसांत शिकारीला जात तेव्हा कोणी कोणत्या मचाणावर बसायचे हे बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरे. वाघ कोठून येईल हे दैवाधीन, म्हणून जागाही दैवाधीन असावी, म्हणजे कोणाची तक्रार उरत नाही, असा त्यामागचा विचार होता.

संस्थानी शिकारीत चिठ्ठीला फारसा वाव नसे. प्रमुख पाहुण्याचे मचाण आधीच ठरलेले असे आणि हाका त्याच्याच दिशेने वळवला जाई. व्हाइसरॉयला वाघ मिळाला नाही तर ते यजमानाचे अपयश ठरे. त्यानंतर रेसिडेंट, लष्करी अधिकारी, शेजारचे राजे, स्वतःचे सरदार असा क्रम उतरत जाई. निमंत्रण मिळणे हा सन्मान होता आणि न मिळणे हा संदेश. शिकारीचे आमंत्रण हेच त्या रानातले परवानापत्र होते आणि ते मागून मिळत नसे.

पाहुण्याला खूश ठेवण्याच्या या खटपटीतून एक आख्यायिका जन्माला आली आहे. हार्डिंग आणि रीडिंग या दोघा व्हाइसरॉयांनी ग्वाल्हेरच्या रानात मारलेले वाघ अकरा फुटांहून लांब भरल्याच्या नोंदी आहेत आणि त्या काळच्या विक्रमांत त्यांची गणना होते. इतके लांब वाघ बड्या लाटसाहेबांनाच कसे भेटतात, असा प्रश्न तेव्हाच्या शिकाऱ्यांनाही पडला होता. व्हाइसरॉयांसाठी मोजपट्टीचा फूट बारा इंचांऐवजी अकराच इंचांचा असतो, असे गंमतीने म्हटले जाई. मोजणीच्याही दोन तऱ्हा होत्या. नाक आणि शेपटीचे टोक यांपाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजणे ही एक, आणि पट्टी अंगाच्या वळणांवरून फिरवणे ही दुसरी. दुसऱ्या तऱ्हेत वाघ काही इंचांनी सहज वाढतो. पट्टीची कथा खरी असो वा नसो, ती रुजली याचे कारण उघड आहे. यजमानाचा मान पाहुण्याच्या वाघाच्या लांबीत गुंतलेला असताना मोजणारा तटस्थ राहणार नाही, हे ऐकणाऱ्याला सहज पटत असे.

माधवराव व्यक्तिशः साधेपणाने वागणारे, थट्टेखोर आणि कामसू म्हणून प्रसिद्ध होते. व्यवस्थेतल्या लहानसहान गोष्टी ते स्वतः तपासत. परंतु त्यांच्या व्यवस्थेतला न्याय हा बंदूक हाती असलेल्यांच्या आपसांतील न्याय होता. धोक्याची वाटणी मात्र वेगळी होती. मचाणावरचा पाहुणा जमिनीपासून उंच, शेजारी दुसरा नेमबाज राखणीला. खाली झुडपांतून पायी चालणाऱ्या हाकेकऱ्याच्या हातात काठी आणि डबा. वाघ उलटला तर तो त्या रांगेवर उलटे. संस्थानी मुलखात वेठीची प्रथा सर्वत्र होती आणि हाकेकरी आसपासच्या गावांतून कोठे नाममात्र मजुरीवर, तर कोठे हुकुमाने गोळा केले जात. ऐन सुगीत वा पेरणीपूर्वीच्या मशागतीत दोनशे माणसे रानात गेली की गावाचे काम अडून राही. वाघ ज्याच्या नावावर नोंदला जाई त्याची माहिती पुस्तकांत आहे. त्या दिवशी हाक्यात किती माणसे होती आणि त्यांची नावे काय, हे सहसा आढळत नाही.

इंग्रजी मुलखातले कायदे

ग्वाल्हेरच्या सीमेपलीकडे, इंग्रजांच्या थेट अमलातील जिल्ह्यांत, कागदोपत्री चित्र निराळे होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील शिकारीवर नियंत्रण आले. पुढे वनखात्याने जंगलांचे शिकारीचे विभाग पाडले, परवाने, मुदती आणि जनावरांच्या संख्येच्या मर्यादा ठरवल्या. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना बंदीचा हंगाम जाहीर करण्याचा अधिकार दिला. हरणे, गवे, रानम्हशी, ससे, रानकोंबडे, बदके, माळढोक अशांचा त्या कायद्याच्या अनुसूचीत समावेश होता. वाघ आणि बिबट्या मात्र त्यात नव्हते. त्यांना मारल्याबद्दल सरकारी बक्षिसे दिली जात होती. वाघाला विणीचा ठरावीक हंगाम नसतो, मादीजवळ पिल्ले वर्षाच्या कोणत्याही महिन्यात असू शकतात. त्यामुळे हंगामाच्या नियमाने त्याचे रक्षण झालेही नसते. पण तसा विचारच तेव्हा कायद्यापर्यंत पोहोचला नव्हता.

या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. स्वसंरक्षणासाठी किंवा मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी जनावर मारणे गुन्हा ठरत नव्हता. पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला तो आधार होता. पण आधार वापरायचा कशाने? १८७८ च्याच शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक केला, आणि युरोपियनांना मात्र दीर्घकाळ त्यातून सूट होती. दुसरीकडे फासे, खड्डे, जाळी यांनी होणारी पारंपरिक शिकार वननियमांनी निषिद्ध ठरवली. बांधलेल्या रेडकावर वाघ बोलावून मचाणावरून गोळी झाडणे हा खेळ आणि पोटासाठी ससा फाशात धरणे ही चोरी, अशी विभागणी त्यातून तयार झाली. संस्थानात परवाना राजाच्या मर्जीचा होता, इंग्रजी मुलखात तो कागदाचा होता. रानात राहणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंचे फलित सारखेच होते.

आफ्रिकेचे सिंह

माधवरावांच्या आयुष्यातील एक प्रकरण या विषयावर अधिक प्रकाश टाकते. १९०० मध्ये लॉर्ड कर्झन जुनागडच्या निमंत्रणावरून गीरच्या सिंहाच्या शिकारीला निघाले होते. सिंह फार थोडे उरल्याचे कळल्यावर त्यांनी तो बेत रद्द केला. सिंहाची वस्ती एकाच रानात राहू नये, दुसरीकडेही ती करावी, असा विचार त्यानंतर पुढे आला आणि कर्झन यांच्या सूचनेवरून माधवरावांनी तो उचलला. गीरचे सिंह मिळाले नाहीत, तेव्हा १९०४ च्या सुमारास त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले. समुद्रप्रवासात काही दगावले. उरलेल्यांसाठी श्योपूरकडच्या रानात उंच भिंतींचे कुंपण बांधून त्यांची निगा राखण्यात आली आणि संख्या वाढल्यावर ते मोकळे सोडण्यात आले.

प्रयोग धाडसी होता, पण त्याचा भार कोणी उचलायचा हे कोणी विचारले नव्हते. पिंजऱ्यात माणसांच्या हातून खाऊन वाढलेले ते सिंह रानात गेल्यावर गुरांवर आणि नंतर माणसांवर पडू लागले. ओरड इतकी झाली की काही सिंह परत पकडावे लागले. काही वर्षांनी ते पुन्हा सोडण्यात आले, तेव्हाही ते दूरवर पांगले आणि ठिकठिकाणी मारले गेले. एका पिढीच्या आत तो प्रयोग संपला. सिंहांसाठी झालेला खर्च संस्थानाच्या हिशेबात मावला. ज्यांचे बैल गेले, ज्यांच्या घरची माणसे गेली, त्या गावकऱ्यांना आधी कोणी विचारले नव्हते आणि प्रयोग फसल्यावर त्यांचे मत घेण्याचेही कारण उरले नाही.

माधवरावांना प्रजेविषयी कळवळा नव्हता, असा याचा अर्थ नव्हे. दुष्काळानंतर त्यांनी पाटबंधाऱ्यांवर केलेला खर्च, गावपंचायतींना दिलेले उत्तेजन, सल्लामसलतीसाठी स्थापलेली मजलिस-ए-आम यांतून त्यांच्या राज्यकर्तेपणाची दुसरी बाजू दिसते. मजलिशीला निर्णयाचे अधिकार नव्हते, तरी प्रजेची गाऱ्हाणी ऐकण्याची ती एक सोय होती. रान मात्र त्या सोयीच्या बाहेर राहिले. महसुलाविषयी प्रजेला बोलता येत होते. वाघाविषयी आणि सिंहाविषयी बोलण्याची जागा नव्हती, कारण ती राजाच्या वैयक्तिक आनंदाची आणि राज्याच्या परराष्ट्र व्यवहाराची बाब मानली जात होती.

नियम गेले, वाघही गेला

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीच्याही आत होते. शिवपुरीत मातुःश्रींच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री उभारण्यात आली. अल्पवयीन जिवाजीरावांच्या वतीने काही वर्षे मंडळाने कारभार पाहिला. १९४८ मध्ये ग्वाल्हेर मध्य भारतात विलीन झाले आणि राजाचे रान सरकारचे झाले. शिवपुरीचा भाग १९५० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. देशातील बाकीची जंगले मात्र परवान्यांना खुली झाली.

स्वातंत्र्यानंतरची ही वीस वर्षे शिकारीच्या न्यायाचा विचार करणाऱ्याला सर्वांत अधिक गोंधळात टाकतात. पूर्वी राजाच्या पाहुण्यापुरती असलेली संधी आता शुल्क भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली. जंगलांचे विभाग परवान्यावर दिले जाऊ लागले. परदेशी शिकाऱ्यांना वाघ मिळवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यातून येणारे परकीय चलन स्वागतार्ह मानले गेले. जीप, प्रखर दिवे आणि पिकाच्या रक्षणासाठी दिलेल्या बंदुका यांनी उरलेले काम केले. तत्त्वतः ही व्यवस्था संस्थानी व्यवस्थेपेक्षा समतेची होती, पण तिने रान रिकामे केले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत वाघांची संख्या १,८२७ भरली आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिवपुरीच्या रानातून वाघ नाहीसा झाला तो याच उत्तरकाळात, माधवरावांच्या काळात नव्हे.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की राजांची मक्तेदारीच बरी होती, मोजक्या बंदुका असल्याने वाघ टिकला. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. राजाला पुढच्या वर्षीच्या पाहुण्यासाठी वाघ शिल्लक हवा असे, म्हणून तो रान राखी. परंतु ते राखणे वाघासाठी नव्हते, बंदुकीसाठी होते, आणि त्याची किंमत कुंपणाबाहेरच्या माणसाने चुकवली होती. परवाना खुला झाला तेव्हाही त्याच्या वाटणीत तो माणूस नव्हता. दोन्ही व्यवस्थांनी न्यायाचा विचार शिकार करणाऱ्यांमध्येच केला, जनावराच्या शेजारी राहणाऱ्याला कोणत्याच यादीत स्थान दिले नाही. एका व्यवस्थेत रान वाचले आणि दुसरीत संपले, हा फरक मोठा आहे. पण तो बंदुकांच्या संख्येचा फरक आहे, न्यायाचा नव्हे.

आज शिकारीचा परवाना हा विषय इतिहासजमा झाला आहे, पण मूळ प्रश्न रूप बदलून उभा आहे. माधवरावांनी सिंह सोडले त्याच श्योपूरच्या मुलखात आजचे कुनो राष्ट्रीय उद्यान आहे. गीरच्या सिंहांसाठी जागा करायची म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील २४ गावे उठवण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. डिंक, तेंदूपाने, मोहाची फुले यांवर चालणारे त्यांचे जीवन रानाबाहेर नव्याने मांडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आदेश देऊनही गीरचे सिंह तेथे आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात आले ते आफ्रिकेतले चित्ते. एका शतकाच्या अंतराने त्याच रानात पुन्हा आफ्रिकेचे पाहुणे आले आणि जागा पुन्हा स्थानिकांनी रिकामी केली.

गोव्यालाही हा प्रश्न परका नाही. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. म्हादईला व्याघ्र प्रकल्प करावे की नाही, हा वाद त्यानंतर न्यायालयात गेला. सत्तरीच्या वस्तीवरील धनगराची म्हैस आणि रानातला वाघ यांच्यामध्ये नुकसानभरपाईचा एक अर्ज आणि त्यावरील सही-शिक्के असतात. तो अर्ज किती दिवसांत निकाली निघतो, भरपाई जनावराच्या खऱ्या किमतीशी जुळते की नाही, प्रकल्पाची सीमा आखताना वस्तीला विचारले जाते की नाही, यांवर वाघाचे जगणे अवलंबून असते. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेल्या बागायतीचा मालक जेव्हा जनावर मारण्याची परवानगी मागतो, तेव्हाही प्रश्न हाच असतो. नियम सर्वांसाठी एकच आहे एवढे सांगून तो सुटत नाही, कारण जनावराचा शेजार सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

शिवपुरीत २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा वाघ आणून सोडण्यात आले आणि दोन वर्षांनी उद्यान व्याघ्र प्रकल्प झाले. सख्यासागराला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. ज्या टेकाडावरून पाहुण्यांनी वाघ पाहावा म्हणून जॉर्ज कॅसल बांधले, तेथून आता प्रवासी दुर्बिणी लावतात. वाघासाठी हाका निघत नाही, मचाणाच्या जागेवरून कोणी रुसत नाही. उद्यानाच्या सीमेवरच्या गावांत मात्र संध्याकाळी गुरे परत आली की ती अजूनही मोजली जातात.